'हॅव्ह' आणि 'यौ' : एका इंग्रजी क्रियापदाचा चिनी अभ्यासकांमधील इतिहास

१

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांच्या लेखनात एक चूक इतक्या नियमाने आढळते की, तिला चूक म्हणावे की नियम म्हणावे, असा प्रश्न पडावा. 'टेबलावर एक पुस्तक आहे' हे सांगण्यासाठी इंग्रज 'देअर इज अ बुक ऑन द टेबल' असे म्हणतो; चिनी विद्यार्थी तेथे 'देअर हॅव्ह अ बुक' किंवा 'ऑन द टेबल हॅज अ बुक' असे लिहितो. शिक्षक 'हॅव्ह' खोडून 'इज' लिहितो; पुढच्या आठवड्यात 'हॅव्ह' पुन्हा येऊन बसते. ह्या चिवटपणाचे खापर बहुधा विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणावर फोडले जाते.

वस्तुतः ह्या एका क्रियापदामागे दोन शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो दक्षिण चीनमधील कँटन बंदराच्या वखारींत सुरू होतो, मिशनऱ्यांच्या आणि दलालांच्या शब्दसंग्रहांतून वाहतो आणि विसाव्या शतकातील व्याकरणकारांपर्यंत येऊन पोहोचतो. हा इतिहास संक्षेपाने मांडून त्यातून एवढेच दाखवावयाचे आहे की, ही चूक शब्दाच्या अज्ञानातून उद्भवत नाही. दोन भाषांनी अर्थाच्या एकाच प्रदेशात सीमारेषा निरनिराळ्या ठिकाणी आखल्या आहेत, आणि पाठ्यपुस्तकांनी ह्या रेषा दीर्घकाळ झाकून ठेवल्या, हे तिचे खरे कारण होय.

२

प्रथम ह्या सीमारेषा पाहू. मराठी वाचकास त्या पाहणे विशेष सोपे आहे. कारण मराठीने त्या जवळजवळ आखलेल्याच नाहीत. 'तो शिक्षक आहे', 'पुस्तक टेबलावर आहे', 'टेबलावर पुस्तक आहे', 'मला दोन भाऊ आहेत' ह्या चारही वाक्यांत आपण 'असणे' हे एकच क्रियापद वापरतो. पहिल्यात ते केवळ जोडण्याचे काम करते, दुसऱ्यात स्थान सांगते, तिसऱ्यात अस्तित्व सांगते आणि चौथ्यात स्वामित्व किंवा संबंध सांगते. स्वामित्वासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद नाही. ज्याचे ते आहे त्याला आपण चतुर्थीत घालतो, किंवा त्याच्यापुढे 'जवळ', 'कडे' अशी शब्दयोगी अव्यये जोडतो, आणि मग ती वस्तू 'आहे' असे म्हणतो.

इंग्रजीने ह्या चार अर्थांचे दोन वाटे केले. पहिले तीन 'बी' ह्या क्रियापदाकडे गेले आणि चौथा 'हॅव्ह'कडे. चिनी भाषेने तीन वाटे केले, पण रेषा भलतीकडेच ओढली. 'तो शिक्षक आहे' येथे 'शृ' हे क्रियापद येते. 'पुस्तक टेबलावर आहे' येथे 'त्साय' येते. 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'मला दोन भाऊ आहेत' ह्या दोन्ही ठिकाणी मात्र 'यौ' हे एकच क्रियापद येते. 'वो यौ इ पन शू' म्हणजे 'माझ्याजवळ एक पुस्तक आहे'. 'च्वोत्झ षांग यौ इ पन शू' म्हणजे 'टेबलावर एक पुस्तक आहे'. दुसऱ्या वाक्याची घडण पहिल्यासारखीच आहे, फक्त 'मी'च्या जागी 'टेबलाचा वरचा भाग' आला आहे. चिनी माणसाच्या दृष्टीने माणसाजवळ पुस्तक असणे आणि टेबलावर पुस्तक असणे हा एकाच जातीचा संबंध आहे.

म्हणजे 'यौ' ह्या शब्दाचा अर्धा भाग इंग्रजीच्या 'हॅव्ह'वर पडतो आणि उरलेला अर्धा 'देअर इज'वर. 'यौ म्हणजे हॅव्ह' असे ज्याला शिकवले गेले आहे, तो उरलेल्या अर्ध्या भागासाठीही 'हॅव्ह'च वापरणार, हे उघड आहे. त्याची चूक तर्कशुद्ध आहे. आपल्याकडील विद्यार्थ्याला 'टेबलावर पुस्तक आहे' ह्या वाक्यात 'हॅव्ह' वापरण्याचा मोह होत नाही; कारण त्याच्या भाषेत अस्तित्वाचे क्रियापद 'आहे' हेच आहे आणि ते 'इज'शी सहज जुळते. त्याची अडचण चौथ्या वाक्यात, म्हणजे 'मला' ह्या चतुर्थीचा कर्ता करण्यात असते. दोघांना शिकावयाचे क्रियापद एकच. पण अडखळण्याची जागा वेगळी.

येथे आणखी एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. 'पुस्तक टेबलावर आहे' आणि 'टेबलावर पुस्तक आहे' ह्यांतील भेद आपण शब्दक्रमाने दाखवतो. पहिल्यात ठाऊक असलेल्या पुस्तकाचे ठिकाण सांगितले जाते, दुसऱ्यात नव्याने एका पुस्तकाची वार्ता दिली जाते. चिनी भाषेत शब्दक्रम बदलतो आणि त्याबरोबर क्रियापदही बदलते. इंग्रजीत हे काम उपपदे आणि 'देअर' हा पोकळ शब्द मिळून करतात. उपपदे नसलेल्या भाषेतून आलेल्या विद्यार्थ्याला हा 'देअर' म्हणजे 'तेथे' असे वाटले, तर त्यात नवल नाही.

३

दोन्ही क्रियापदांची कुळकथा पाहिली तर त्यांचे साम्य आणि भेद अधिक स्पष्ट होतात. इंग्रजी 'हॅव्ह' हे जर्मानिक कुळातील जुने क्रियापद असून त्याचे नाते लॅटिनमधील 'कापेरे' म्हणजे 'पकडणे' ह्या धातूशी आहे. लॅटिन 'हाबेरे'शी त्याचे जे रूपसाम्य दिसते ते मात्र योगायोगाचे आहे. 'धरून ठेवणे' हा त्याचा मूळ अर्थ. चिनी 'यौ'च्या लिपिचिन्हाचीही अशीच गोष्ट आहे. इ. स. १०० च्या सुमारास श्यू शन ह्या कोशकाराने त्या चिन्हाच्या खालच्या भागात चंद्र पाहिला आणि त्याचा संबंध ग्रहणाशी लावला. पुढे जुन्या धातुलेखांच्या अभ्यासावरून वरचा भाग हात आणि खालचा भाग मांस असल्याचे विद्वानांनी दाखवून दिले. हातात काहीतरी धरणे ही कल्पना अशा रीतीने दोन्हीकडे आहे.

पण पुढे वाटा फुटल्या. चिनी भाषेत धरणाऱ्या हाताची जागा घरे, डोंगर, देश, किंबहुना सारे जग घेऊ शकले, आणि 'यौ' हा अस्तित्वाचा शब्द झाला. त्याचा विरोधी 'वू' म्हणजे 'नसणे'. ह्या जोडीवर लाओ-त्झच्या ग्रंथापासून पुढे चिनी तत्त्वचिंतनाचा मोठा भाग उभा आहे. ए. सी. ग्रॅहम ह्यांनी १९५९ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवले की, युरोपीय तत्त्वज्ञान ज्या 'बी' क्रियापदाभोवती फिरत राहिले, त्याचे काम चिनी भाषेत वेगवेगळे शब्द करतात. त्यामुळे तेथे प्रश्नही वेगळ्या रीतीने मांडले गेले. एमिल बँव्हनिस्त ह्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली ह्याच विषयाची दुसरी बाजू मांडली. 'हॅव्ह'सारखे क्रियापद सर्व भाषांत असतेच असे नाही. 'अमक्याला आहे' ही रचनाच जगात अधिक रूढ असून 'हॅव्ह' हे तिचेच उलटवलेले रूप होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठी ही 'अमक्याला आहे' म्हणणारी भाषा आहे, हे वर आलेच आहे.

४

आता कँटनकडे वळू. १७५७ पासून १८४२ च्या नानकिंग तहापर्यंत युरोपीय सागरी व्यापाराला चीनमधील एवढे एकच बंदर खुले होते. परदेशी व्यापाऱ्यांनी चिनी भाषा शिकणे राज्यकर्त्यांना संशयास्पद वाटे. जेम्स फ्लिंट ह्या चिनी जाणणाऱ्या इंग्रजाने १७५९ साली सम्राटाकडे अर्ज नेला म्हणून त्याला मकाव येथे तीन वर्षे कैदेत राहावे लागले, आणि तो अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाला देहान्ताची शिक्षा झाली. अशा स्थितीत व्यापाराला भाषा पुरवण्याचे काम चिनी दलाल, दुभाषे आणि नोकर ह्यांच्याकडे आले. जमशेटजी जीजीभॉय ह्यांच्यासारखे मुंबईचे व्यापारी ज्या कँटनला जात, तेथील वखारींत रोजचा व्यवहार चाले तो ह्या लोकांनी घडवलेल्या 'पिजिन' इंग्रजीत.

ही भाषा पाठांतरासाठी छापलीही जाई. विल्यम हंटर ह्या अमेरिकन व्यापाऱ्याने १८८२ च्या आपल्या आठवणींत वखारींजवळच्या लहान दुकानांत एक-दोन पेनींना मिळणाऱ्या अशा एका चोपडीचे वर्णन केले आहे. आवरणावर जुन्या युरोपीय पोशाखातील परदेशी माणसाचे चित्र, आणि आत चिनी शब्दापुढे इंग्रजी उच्चार चिनी अक्षरांतच दिलेला. एका शब्दापुढे एक शब्द. वाक्य नाही, रूप नाही, प्रयोग नाही. अशा चोपडीतून इंग्रजी शब्द मिळत. ते कसे वापरावयाचे, हे मात्र शिकणारा आपल्या भाषेवरून ठरवी.

ह्याचा परिणाम पिजिनच्या रचनेत स्वच्छ दिसतो. पिजिनमध्ये 'तो अमुक आहे' असे जोडण्यासाठी 'बिलाँग' हा इंग्रजी शब्द वापरीत. एखादी वस्तू अमुक ठिकाणी आहे, हे सांगण्यासाठी 'स्टॉप'. आणि जवळ असणे व अस्तित्वात असणे ह्या दोन्हींसाठी 'हॅव्ह गॉट'. आता वरील तीन चिनी क्रियापदे आठवावीत : शृ, त्साय, यौ. इंग्रजी शब्दांची ही वाटणी चिनी सीमारेषांबरहुकूम झालेली आहे. ह्या भाषेला एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी 'मोडकी इंग्रजी' म्हणून हिणवले, तिच्या नकला छापल्या. पण मोडक्या वस्तूत अशी व्यवस्था नसते. १९४४ साली रॉबर्ट हॉल ह्या भाषाशास्त्रज्ञाने तिचे रीतसर व्याकरण लिहिले, तेव्हा कोठे तिच्याकडे भाषा म्हणून पाहिले गेले.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. इंग्रज येण्यापूर्वीच मकावमध्ये पोर्तुगीजांची वसाहत होती (१५५७ पासून), आणि तेथील मिश्र पोर्तुगीज बोलीतही 'तेर' ह्या क्रियापदापासून आलेले एकच रूप स्वामित्व व अस्तित्व ह्या दोन्हींसाठी चाले. पिजिनमध्ये 'जाणणे' ह्या अर्थाचा 'सॅव्ही' हा शब्द पोर्तुगीजमधून आला, हे सर्वमान्य आहे. तेव्हा 'हॅव्ह गॉट'च्या दुहेरी उपयोगाला मकावच्या बोलीचा आधार मिळाला असणे शक्य आहे. तथापि ती सवय टिकून राहिली ती चिनी बोलणाऱ्यांच्या तोंडी, आणि पिजिन नामशेष झाल्यावरही त्यांच्या वंशजांच्या वह्यांत ती उमटत राहिली. ह्याचे कारण चिनी भाषेतच शोधले पाहिजे.

५

रॉबर्ट मॉरिसन १८०७ साली कँटनला आले. चिनी भाषेचे त्यांचे व्याकरण १८१५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. ह्याच श्रीरामपुराहून दहा वर्षांपूर्वी विल्यम केरी ह्यांचे मराठी व्याकरण बाहेर पडले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊक आहे. मॉरिसन ह्यांचा मोठा कोश १८१५ ते १८२३ ह्या काळात मकाव येथे प्रसिद्ध झाला, आणि १८२३ मध्येच मलाक्का येथील अँग्लो-चायनीज कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी इंग्रजीचे एक छोटे व्याकरण चिनी भाषेत स्पष्टीकरणे देऊन छापले. चिनी विद्यार्थ्यासमोर इंग्रजी क्रियापदाची रूपावली अशी मांडण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय. चोपडीतल्या एका शब्दाच्या जागी आता 'हॅव्ह', 'हॅज', 'हॅड', 'हॅव्हिंग' अशी रूपे आली. ज्याच्या भाषेत क्रियापद पुरुष, वचन वा काळ ह्यांनुसार कधीच बदलत नाही, त्याला ही रूपेच मुख्य संकट वाटली. अर्थाची सीमारेषा मागेच राहिली.

१८६२ हे वर्ष ह्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पेकिंगमध्ये 'थुंग-वन क्वान' हे परकीय भाषांचे सरकारी विद्यालय निघाले. आणि त्याच वर्षी कँटनमध्ये तांग थिंग-शू ह्यांचा सहा खंडांचा इंग्रजी शिक्षणग्रंथ प्रसिद्ध झाला. तांग हे मिशनरी शाळेत शिकलेले, हाँगकाँगच्या न्यायालयात दुभाष्याचे काम केलेले गृहस्थ. पुढे ते जार्डिन मॅथेसन ह्या पेढीचे दलाल झाले आणि १८७३ पासून चिनी व्यापारी आगबोट कंपनीची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, त्यात शुद्ध इंग्रजी वाक्यांबरोबर ठिकठिकाणी कँटनची इंग्रजीही नोंदवली आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवणारा हा लेखक व्यवहारी होता. वखारीत काय बोलले जाते आणि इंग्रजाच्या घरात काय बोलले जाते, हे दोन्ही त्याला ठाऊक होते. आज पिजिनच्या अभ्यासकांस हा ग्रंथ अमूल्य वाटतो. शुद्ध आणि प्रचलित ह्यांतील अंतर त्याने दाखवले. ते अंतर का पडते, हे सांगणे त्याच्या कामाचा भाग नव्हते.

६

'का' ह्या प्रश्नाला आधी चिनी भाषेचे व्याकरण लिहिले जाणे अवश्य होते. ते काम १८९८ साली मा च्येन-चुंग ह्यांनी केले. फ्रान्समध्ये शिकलेल्या ह्या विद्वानाने लॅटिन व्याकरणाचा साचा समोर ठेवून अभिजात चिनी भाषेचे विवरण केले. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर मराठीचे व्याकरण रचले, त्याची येथे आठवण होते. उसना साचा वापरल्याबद्दल दोघांवरही टीका झाली. परंतु साचा जेथे बसत नाही तेथेच भाषेचे वेगळेपण प्रथम दिसते. मा ह्यांना 'यौ' हा शब्द क्रियापदांत नीट बसवता येईना. क्रियापद क्रिया सांगते. 'यौ', 'वू', 'त्साय' हे शब्द तर कोणतीच हालचाल सांगत नाहीत. म्हणून त्यांनी ह्या शब्दांचा 'क्रियापदांसारखे चालणारे शब्द' असा वेगळा गट केला. 'यौ' आणि 'त्साय' ह्यांना एकत्र ठेवून त्यांच्याकडे स्वतंत्रपणे पाहिले गेले, हा ह्या गटाचा लाभ होय. 'यौ म्हणजे हॅव्ह' ह्या सोप्या समीकरणाच्या पलीकडे जाण्याची ती पहिली पायरी होती.

येन फू ह्यांनी १९०४ साली चिनी वाचकांसाठी इंग्रजी व्याकरणाचे सविस्तर विवरण प्रसिद्ध केले. हक्स्लीचा उत्क्रांतिविषयक ग्रंथ चिनी भाषेत आणणारे हेच ते येन फू. आडव्या ओळींत, डावीकडून उजवीकडे छापलेल्या अगदी आरंभीच्या चिनी ग्रंथांत ह्या पुस्तकाची गणना होते. ह्यापुढे इंग्रजी शिकणे हे दलालाचे कसब न राहता सुशिक्षिताचे शास्त्र झाले.

७

'हॅव्ह'चे दुसरे काम पूर्णकाळ घडवण्याचे. 'माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे' अशा स्वामित्वदर्शक रचनेतून 'मी पत्र लिहिले आहे' हा अर्थ इंग्रजीत हळूहळू उत्क्रांत झाला आणि 'हॅव्ह' साहाय्यक क्रियापद बनले. येथे चिनी विद्यार्थी सर्वस्वी परक्या प्रदेशात असतो, असे जुनी पाठ्यपुस्तके गृहीत धरीत. ते पूर्णतः खरे नाही.

'मी गेलो' हे सांगताना चिनी भाषा क्रियापदापुढे 'ल' हा प्रत्यय लावते. पण 'मी गेलो नाही' म्हणताना 'ल' नाहीसा होतो आणि क्रियापदाच्या आधी 'मेइ-यौ' येते. हे 'मेइ-यौ' म्हणजे 'यौ'चेच नकारार्थी रूप. इतर क्रियापदांचा नकार 'पू' ह्या शब्दाने होतो. 'यौ'चा तेवढा 'मेइ'ने. विल्यम वांग ह्यांनी १९६५ साली असे मांडले की, होकारातील 'ल' आणि नकारातील 'यौ' ही एकाच घटकाची दोन रूपे मानावीत. हे मत सर्वांना मान्य झाले नाही. पण त्याने एक गोष्ट पुढे आणली : नकारार्थी वाक्यात चिनी भाषेची घडण इंग्रजीच्या 'हॅव्ह नॉट' ह्या घडणीच्या पुष्कळ जवळ जाते. फूच्यान प्रांतातील आणि तैवानमधील मिन बोलीत तर होकारार्थी वाक्यातही क्रियापदाआधी 'यौ'चे प्रतिरूप येते. म्हणजे तेथील विद्यार्थ्याच्या घरच्या बोलीतच 'हॅव्ह'सारखे साहाय्यक आहे.

फरक आहे तो काळाच्या बांधिलकीचा. चिनी रचना क्रिया पुरी झाली की नाही एवढेच सांगते. 'काल' हा शब्द तिला चालतो. इंग्रजी पूर्णकाळाला तो चालत नाही. म्हणून 'आय हॅव्ह सीन हिम यस्टरडे' ही दुसरी प्रसिद्ध चूक जन्मते. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत सहज चालते, म्हणून ही चूक आपल्याकडेही परिचयाची आहे. येथे मराठी आणि चिनी विद्यार्थी एकाच बाकावर बसतात.

८

विद्यार्थ्याच्या मनातील कल्पनेपासून आरंभ करून तिच्यासाठी इंग्रजीत कोणती रचना आहे हे सांगावे, ही दिशा लिन यू-थांग ह्यांनी १९३० नंतरच्या वर्षांत आपल्या इंग्रजी व्याकरणात स्वीकारली. येस्पर्सन आणि ब्रुनो ह्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ल्यू शू-श्यांग ह्यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात त्याहूनही स्पष्टपणे बजावले की, इंग्रजी ही चिनी नव्हे, आणि हे भान दोन्ही भाषा शेजारी ठेवून तुलना केल्यानेच येते. रॉबर्ट लॅडो ह्यांचा भाषांच्या तुलनेवर आधारलेल्या अध्यापनाचा ग्रंथ अमेरिकेत १९५७ साली निघाला. हे ध्यानात घेता ल्यू ह्यांची दृष्टी किती पुढची होती, हे कळते.

ह्या दृष्टीची फळे मात्र सावकाश मिळाली. १९५० नंतरच्या दशकात चीनमध्ये रशियन भाषेला अग्रस्थान मिळाले. १९६६ ते १९७६ ह्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात परकीय भाषांचे शिक्षण विस्कळित झाले. १९७७ साली विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर इंग्रजीची चळवळच उभी राहिली, आणि २००१ साली तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण जाहीर झाले. ह्या प्रचंड विस्तारात शब्दापुढे शब्द ठेवणारी यादी परत आली. वखारीजवळच्या चोपडीची जागा परीक्षेच्या शब्दसूचीने घेतली. पद्धत तीच राहिली. त्यातच इंग्रजीही स्थिर नव्हती. 'हॅव्ह यू अ पेन' ही जुनी ब्रिटिश रचना मागे पडून 'डू यू हॅव्ह' ही अमेरिकेत रूढ झालेली रचना सर्वत्र पसरत गेली. निरनिराळ्या पिढ्यांच्या शिक्षकांनी ह्यामुळे एकाच क्रियापदाचे निरनिराळे नियम शिकवले.

सी. एन. ली आणि सँड्रा टॉम्पसन ह्यांनी १९७६ साली भाषांचे जे नवे वर्गीकरण सुचवले, त्यात इंग्रजी ही कर्त्याला प्राधान्य देणारी आणि चिनी ही विषयाला प्राधान्य देणारी भाषा ठरते. 'टेबलावर' हा विषय आधी सांगून मग त्याविषयी काही सांगणे, ही चिनी वाक्याची स्वाभाविक चाल आहे. 'यौ' त्या चालीत चपखल बसतो. 'देअर इज' बसत नाही. तेव्हा शिक्षकाने एकटे क्रियापद दुरुस्त करून भागत नाही. संपूर्ण वाक्याची चाल बदलावयाची आहे, हे त्याने विद्यार्थ्याला दाखवून दिले पाहिजे.

ह्या इतिहासातून निष्पन्न होणारी गोष्ट चिनी विद्यार्थ्यापुरती मर्यादित नाही. परभाषेचा शब्द आपल्या भाषेतील शब्दाशी जुळवून देणारी यादी शिकणाऱ्याला पहिले पाऊल टाकावयास मदत करते, आणि नेमकी तीच त्याला पुढे अडवते. कँटनच्या दलालाने इंग्रजी शब्दांना चिनी रेषांत बसवून एक नवी भाषा घडवली. तिच्यावर व्यापार चालला, तरी तिच्या बोलणाऱ्याच्या वाट्याला हसणेच आले. आजच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला लाल शाई येते. वहीत 'देअर हॅव्ह' दिसले की, ते खोडण्यापूर्वी शिक्षकाने 'यौ' ह्या शब्दाचा पूर्ण विस्तार फळ्यावर मांडावा, त्यातला कोणता भाग 'हॅव्ह'कडे जातो आणि कोणता 'देअर इज'कडे, हे रेषा ओढून दाखवावे. मराठी मुलांना 'हॅव्ह' शिकवणाऱ्या आपल्या शिक्षकांनीही 'मला', 'माझ्याजवळ', 'माझ्याकडे' आणि 'टेबलावर' ह्या चार शब्दांपुढे येणाऱ्या एकाच 'आहे'पासून आरंभ करावयास हरकत नाही.